दहापैकी दहा गुणांचा डबा

जावईबापूंना हॉटेलात स्वतःची केबिन होती, केबिनला काचेचं दार होतं आणि दारावर ‘संचालक – विशेष प्रकल्प’ अशी पाटी होती. आठ वर्षांत प्रकल्प दोनच झाले होते, पण ते विशेष होते याबद्दल हॉटेलात कुणाचंही दुमत नव्हतं.

पहिल्या प्रकल्पात त्यांनी बाहत्तर खोल्यांच्या बाथरूममध्ये आपोआप लागणारे आणि आपोआप विझणारे दिवे बसवले. माणूस हलला की लागायचे, तीन मिनिटं स्वस्थ बसला की विझायचे. बाथरूममध्ये माणूस स्वस्थ बसतो, ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. पुढचे दोन महिने प्रतिष्ठित पाहुणे काळोखात बसून हवेत हात हलवत होते. दुसऱ्या प्रकल्पात सुरक्षिततेसाठी किल्लीच्या कार्डांवरून खोलीचे नंबर काढले गेले. चोरांची कितपत गैरसोय झाली ते कळलं नाही, पण पाहुणे एकेका दाराला कार्ड लावून बघत मजलाभर हिंडायला लागले. दोन्ही वेळा सगळं पूर्ववत करण्याचं काम वायरमनकाकांनी केलं आणि दोन्ही वेळा जावईबापूंनी त्यांना सांगितलं, ‘‘काका, कल्पना चांगली होती. लोक तयार नाहीत अजून.’’

तिसरा प्रकल्प होता वायफायचा.

तक्रार जुनी होती. मजल्यावरच्या बोळात छताला दोन-दोन यंत्रं लटकवलेली, त्यांचं वायफाय दाराशी पोचेपर्यंत धापा टाकायचं आणि पलंगापर्यंत गेलंच तर नशीब. म्हणून मालकांनी ठरवलं, की आता प्रत्येक खोलीला स्वतंत्र यंत्र द्यायचं, भिंतीतच बसणारं. स्विचबोर्डाएवढा चपटा डबा. मागून भिंतीतली वायर आत जाते, पुढून खोलीला वायफाय मिळतं, आणि टीव्हीची नि फोनची वायर खोचायला खाली भोकं असतात. बाजारात अशी यंत्रं विकणाऱ्या कंपन्या रगड, आणि प्रत्येकीच्या मते बाकीच्या भंगार. त्यातून एक निवडायचं होतं.

‘‘निवड तुम्ही करा,’’ मालक जावयाला म्हणाले होते. ‘‘समोरची ऑफिसची इमारत आपण घेतली आहे, तिथंही हेच बसवायचं आहे. हे काम नीट करून दाखवलंत तर ती इमारत तुमच्या ताब्यात देतो. चालवा तुमच्या मनासारखी. नाही जमलं, तर माझी लेक आहेच.’’

मालकांची लेक, म्हणजे जावईबापूंची बायको, तेव्हा तिथंच होती. हॉटेलचा काउंटर ती नऊ वर्षं सांभाळत होती. नवऱ्याला ती घरी ‘तू’ म्हणायची, हॉटेलात ‘अहो’, आणि राग आला की दोन्हीकडे ‘तुम्ही’.

जावईबापूंना ती इमारत हवी होती. नुसती हवी नव्हती, जीव जडला होता त्यांचा तिच्यावर. दाढी करायला गेले तरी न्हावी ‘या, मालकांचे जावई’ म्हणूनच खुर्ची झटकायचा, आणि आठ वर्षांत ते त्यांना टोचायचं थांबलं नव्हतं. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांनी मनात कधीच स्वतःची करून टाकली होती. टेबल कुठं ठेवायचं तेही ठरलं होतं. आईला फोन करून ‘आता माझं स्वतःचं काहीतरी होतंय’ असं सांगूनही झालं होतं, आणि आईने ते शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

तेव्हा त्यांनी फाइल उघडली. फाइल जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याची. आत तक्ता. तक्त्यात बारा रकाने: दिसणं, जाडी, रंग, भिंतीशी मेळ, तापणं, आवाज, दिव्याचा त्रास, वेग, आणि असंच बरंच काही. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. ‘एकूण भारदस्तपणा’ असाही एक रकाना होता, तो कसा मोजायचा हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

आता या हॉटेलची एक रीत होती. काहीही नवं घ्यायचं झालं, मग तो नळ असो, उशी असो की आरसा, तर आधी ते एकशे एक नंबरच्या खोलीत लावून बघायचं. एकशे एकमध्ये पास झालं, की बाहत्तर खोल्यांत पास. रीत मालकांनीच पाडलेली, आणि नळापुरती ती उत्तमच होती. नळ एकशे एकमध्ये गळला नाही तर बहुधा दुसरीकडेही गळत नाही. पण एकशे एकच्या मागच्या भिंतीला लागून हॉटेलचं ऑफिस होतं. ऑफिसच्या त्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, हॉटेलातला सगळ्यात दांडगा राउटर बसवलेला होता. त्याचं वायफाय एकशे एकमध्ये अक्षरशः ओसंडून वाहायचं. एकशे एकच्या पाहुण्याने आजवर कधी तक्रार केली नव्हती.

जावईबापूंनी आणखी एक हुशारी केली. ‘‘पाहुण्यांना नवीन नाव, नवीन पासवर्ड असला त्रास नको,’’ ते म्हणाले. ‘‘प्रत्येक नमुन्याला हॉटेलच्या वायफायचंच नाव द्या आणि तोच पासवर्ड.’’ झालं. आता त्यांचा फोन नमुन्याला चिकटला होता की भिंतीपलीकडच्या राउटरला, हे फोनलाच माहीत. फोनने अर्थातच दांडग्याची कास धरली होती.

तीन कंपन्यांचे नमुने एकामागून एक आले. वायरमनकाकांनी ते लावले, वायर जोडली, काढले, पुढचा लावला. जावईबापू खोलीच्या मधोमध उभे राहून फोनवर वेग मोजत, भिवया उंचावत आणि फाइलमध्ये आकडा लिहीत. तिन्हींचा वेग उन्नीस-बीस आला. ‘‘बाजारात स्पर्धा फार आहे,’’ जावईबापूंनी निष्कर्ष काढला. तिन्ही यंत्रं हाताला कोमट लागली, तेव्हा तापण्याचे गुण कापले. तिन्हींवर इवलासा निळा दिवा होता, त्याचेही गुण कापले. बाथरूमच्या दिव्यांपासून ते दिव्यांच्या बाबतीत फार हळवे झाले होते.

चौथ्या कंपनीचा सेल्समन गुळगुळीत दाढीचा आणि गोड बोलणारा होता. त्याने पिशवीतून एक देखणा, पांढराशुभ्र, बिस्किटाएवढा चपटा डबा काढला.

‘‘सर, चालू नमुना सोमवारी येतोय. हा नुसता डिस्प्ले पीस आहे. जाडी, रंग बघायला.’’

पण जावईबापू त्या वेळी फोनवर होते. समोरच्या इमारतीतल्या खुर्च्यांना चाकं असावीत की नसावीत, यावर कुणाशी तरी तावातावाने बोलत होते. त्यांनी ‘हो हो, ठेवा’ अशी मान हलवली आणि सेल्समन डबा ठेवून गेला.

वायरमनकाकांनी डबा हातात घेतला, वर-खाली केला, कानाशी नेऊन हलवला. मग उलटा करून बघितला.

‘‘बापू, याला मागे वायर घालायला जागाच नाही.’’

‘‘काका, नवीन मॉडेल आहे ते.’’

‘‘मॉडेल नवीन असेल हो, पण वायर जोडल्याशिवाय...’’

‘‘काका,’’ जावईबापू शांतपणे हसले, समजूतदार माणसं अडाण्यांपुढे हसतात तसं. ‘‘वायरलेस म्हणतात त्याला. वायरलेस! तुम्ही तीस वर्षं वायरीत काढलीत, तुम्हाला हे पचायला जड जाणारच. बसवा तुम्ही.’’

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. बाथरूमच्या दिव्यांच्या वेळीही काका बोलले होते, तेव्हा ‘नव्या गोष्टींना विरोध करणारे लोक’ या विषयावर त्यांना पाऊण तास ऐकून घ्यावं लागलं होतं. तो पाऊण तास काही ते विसरले नव्हते. त्यांनी भिंतीतली वायर गुंडाळून आत ढकलली, डबा दोन स्क्रूंवर अडकवला आणि शिडी खांद्यावर घेऊन जेवायला गेले.

जेवायलाच गेले, कारण दुपारची जेवणाची सुट्टी झाली होती. ऑफिसातली झाडून सगळी माणसं संगणक सोडून उठली होती, आणि राउटरवर कुणाचाच भार नव्हता. जावईबापूंनी एकशे एकच्या मधोमध उभं राहून वेग मोजला आणि त्यांचे डोळेच विस्फारले. आधीच्या तिघांच्या जवळजवळ दुप्पट! पुन्हा मोजला. तेवढाच. पलंगावर आडवे होऊन मोजला, बाथरूममध्ये हात हलवत मोजला. कुठं म्हणजे कुठं कमी नाही.

त्यांनी डब्याला हात लावून बघितला. गार! तास गेला, दोन गेले, डबा गारच. दिवा? नाही. आवाज? कान लावला, अगदी गाल भिंतीला टेकवून लावला. एवढीशी घरघरसुद्धा नाही. तापणं: दहापैकी दहा. आवाज: दहापैकी दहा. दिव्याचा त्रास: दहापैकी दहा. वेगाला त्यांनी अकरा लिहिले आणि मग शिस्त म्हणून खोडून दहा केले.

संध्याकाळी काउंटरवर येऊन त्यांनी बायकोला फाइल दाखवली.

‘‘बघ. एकशे वीसपैकी एकशे वीस. असं यंत्र होणे नाही.’’

तिने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. ‘‘अहो, दोनशे सतरामध्ये लावून बघितलंत का?’’

‘‘दोनशे सतरा कशाला? एकशे एकमध्ये पास झालंय.’’

‘‘दोनशे सतराचा पाहुणा लिफ्टपाशी येऊन ईमेल पाठवतो. कालचा तर जिन्यात बसला होता लॅपटॉप मांडीवर घेऊन. नऊ वर्षं मी माफी मागतेय त्या खोलीची. एकदा वर जाऊन या ना.’’

‘‘अगं, पद्धत म्हणून काही असते,’’ जावईबापू म्हणाले आणि फाइल बगलेत मारून निघाले. ती पुढे काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात दोनशे सतराचा पाहुणा लॅपटॉप घेऊन लिफ्टमधून बाहेर आला.

सोमवारी निर्णयाची बैठक जावईबापूंनी मुद्दाम एकशे एकमध्येच ठेवली. मालक आले, लेक आली, वायरमनकाका शिडीसकट दाराशी उभे राहिले. चौथ्या कंपनीचा सेल्समनही हजर होता. चालू नमुना त्याच्या पिशवीतच होता आणि सकाळपासून तो बुचकळ्यात पडला होता. आपला माल बघायच्या आधीच पसंत कसा पडला, हे त्याला उमगत नव्हतं. पण ऑर्डर मिळत असताना तोंड उघडण्याइतका तो नवशिका नव्हता.

जावईबापूंनी नवा शर्ट घातला होता. ते बोलले छान. ‘अखंड’, ‘अदृश्य’, ‘पाहुण्याच्या झोपेचा आदर’ असे शब्द आले. मग त्यांनी फोन मालकांच्या हातात दिला. वेगाचा काटा गरगर फिरून वर जाऊन बसला. मालकांनी मान डोलावली. जावईबापूंना इमारत दिसायला लागली. तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली.

‘‘उत्तम,’’ मालक म्हणाले. ‘‘आता उघडून दाखवा.’’

‘‘काय?’’

‘‘डबा हो.’’

मालकांनी आयुष्याची सुरुवात चार खोल्यांच्या लॉजपासून केली होती. नळ, पंखे, इस्त्र्या स्वतः दुरुस्त करत त्यांनी ते वाढवलं होतं, आणि अजूनही त्यांच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रूड्रायव्हर असायचा. घेण्याआधी वस्तू उघडून बघायची, ही त्यांची सवय.

‘‘त्याची वॉरंटी जाते, बाबा,’’ जावईबापू म्हणाले.

‘‘नमुन्याला कसली वॉरंटी?’’

सेल्समन एकाएकी खिडकीबाहेर बघू लागला. मालकांनी दोन स्क्रू फिरवले आणि डबा हातात आला. भिंतीतली वायर आत गुंडाळलेली, टोकाला काकांनी लावलेली चिकटपट्टी तशीच. मालकांनी डब्याचं मागचं झाकण नखाने उचकटलं. आत पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, आणि वजन यावं म्हणून चिकटवलेली लोखंडाची एक पट्टी. बाकी काही नाही.

मालकांनी डब्यात बघितलं. मग फोनकडे बघितलं. फोनवर वायफाय अजून भरभरून येत होतं.

 लेक उठली, बाहेर गेली, आणि भिंतीपलीकडून एक बारीकसा खटका ऐकू आला. मालकांच्या हातातल्या फोनवरचं वायफाय गेलं.

‘‘ऑफिसचा राउटर बंद केलाय,’’ ती परत येऊन म्हणाली. ‘‘चार दिवस तुम्ही त्याचंच वायफाय मोजत होतात.’’

‘‘मी सांगितलं होतं सरांना,’’ सेल्समनला आता कंठ फुटला. ‘‘डिस्प्ले पीस आहे म्हणून. चालू नमुना आहे माझ्याकडे, हा बघा...’’

‘‘तू बस,’’ मालक म्हणाले. सेल्समन बसला.

मालकांनी निळी फाइल उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘‘तापणं. दहापैकी दहा. ‘दोन तासांनंतरही बर्फासारखं गार.’ आवाज. दहापैकी दहा. ‘अस्तित्व जाणवतच नाही.’’’ काका दाराशी उभ्या उभ्या शिडीच्या पायऱ्या मोजत होते. ‘‘एकूण भारदस्तपणा. दहापैकी दहा.’’

जावईबापूंचे कान तापले होते. भिंतीतल्या चौकोनी भोकाकडे ते नुसते बघत राहिले. त्यांना खरोखर लाज वाटत होती, आणि लाजेतही मधूनच आई आठवत होती. शेजाऱ्यांना आता ती काय सांगेल?

मालकांनी फाइल मिटली. त्यांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे.

‘‘जाऊ द्या जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. दिसायला देखणं, भिंतीवर शोभतं, तापत नाही, कुणाला त्रास नाही. माणूस फसतो. नुसतं बघून पसंत केलं की आत काय आहे ते कळत नाही. माझ्या घरातही एकदा असंच झालंय.’’

सेल्समनलासुद्धा कळलं. त्याने पिशवीची चेन हळूच लावून घेतली. काका शिडीच्या पायऱ्या मोजायचे थांबले. जावईबापूंनी मान खाली घातली ती वर करेनात, कारण वर केली असती तर समोर बायको होती, आणि ती हसत असेल तर ते बघायची त्यांची तयारी नव्हती.

ती हसत नव्हती.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘पसंत तुम्ही केलंच नव्हतं. तुम्ही तर नकोच म्हणत होतात. पसंत मी केलं होतं, आणि उघडून बघून केलं होतं. कॉलेजात माझा बंद पडलेला टेपरेकॉर्डर यांनी चार रात्री जागून दुरुस्त केला होता. पुस्तक बघून, चुकत चुकत, पण केला होता.’’

‘‘मग तो माणूस गेला कुठं?’’ मालकांनी विचारलं.

‘‘तुम्ही भिंतीवर लावलात त्याला. केबिन दिलीत, पाटी दिलीत, काचेचं दार दिलंत. आठ वर्षांत एकदा तरी स्क्रूड्रायव्हर हातात दिलात? वायर जोडलीच नाहीत तुम्ही.’’

 हातातल्या रिकाम्या डब्याचं झाकण मालकांनी उगाच लावलं आणि पुन्हा काढलं.

जावईबापूंनी मान वर केली. आठ वर्षांत आपल्या बाजूने इतकं कुणी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांना भरून आलं आणि ते काहीतरी बोलायला तोंड उघडणार, इतक्यात ती त्यांच्याकडे वळली.

‘‘आणि तुम्ही!’’ ती म्हणाली. त्या ‘तुम्ही’ने त्यांचं तोंड मिटलं. ‘‘तुम्ही ती वायर मागितली कधी? मजेत लटकून राहिलात. आठ वर्षं गारच्या गार. काका सांगत होते, मी सांगत होते, एक मजला चढून दोनशे सतरापर्यंत जाववलं नाही तुम्हाला.’’

या वेळी जावईबापूंनी ‘पद्धती’चं नाव काढलं नाही, हीच त्या दिवसातली त्यांची पहिली शहाणपणाची गोष्ट.

‘‘इमारत मी बघते,’’ ती वडिलांना म्हणाली. जणू आठवड्याची भाजी मी आणते, इतक्या साधेपणाने. ‘‘आणि यंत्र निवडायचं काम यांच्याकडेच राहू दे. पण ही खोली सोडून.’’

मालकांनी जावयाकडे बघितलं. मग खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्यांच्यापुढे धरला. चूक तोंडाने कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या बोळाच्या टोकाला, लिफ्ट आणि पाण्याच्या टाकीची भिंत ओलांडून, जावईबापू पहिल्यांदाच दोनशे सतरामध्ये शिरले. नव्या शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, बगलेत निळी फाइल. मागून काका शिडी घेऊन आले. खोली चांगली होती, प्रकाशाची, स्वच्छ. टेबलावर पाहुण्याने चिठ्ठी ठेवली होती: ‘मी जिन्यात आहे.’

जावईबापूंनी गुडघ्यावर बसून भिंतीतल्या वायरवरच्या झाकणाचे स्क्रू काढले. पहिला पलंगाखाली गेला, तो शोधायला आडवं व्हावं लागलं. काका शिडीवर बसून बघत होते, मदतीला काही उतरले नाहीत. शेवटी वायर बाहेर आली. मग नमुना जोडण्याआधीचा वेग मोजायला जावईबापू उठले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि फोन वर धरला. पलंगापाशी गेले. खिडकीपाशी गेले. बाथरूमच्या दारात उभे राहिले.

‘‘काय येतंय?’’ काकांनी विचारलं.

‘‘काहीच येत नाही, काका.’’

‘‘मग तेच लिहा.’’

जावईबापूंनी फाइल उघडली, कोरं पान काढलं आणि लिहिलं.